शेवटच्या बाकापर्यंत : बिनतारी माईकची निवड

(पंचकमिटी, रविवार शाळेचे शिक्षक व मंडळीतील ध्वनियोजना सांभाळणारे तरुण ह्यांच्यासाठी अभ्यासलेख)



नहेम्याच्या पुस्तकातील ८ वा अध्याय आपण उपासनेविषयीच्या धड्यात शिकवतो. एज्रा शास्त्री लोकांपुढे उभा राहिला तो लाकडी मंचावर, आणि तो मंच मुद्दाम त्याच कामासाठी केलेला होता. पुढे लेव्यांनी लोकांना वाचलेल्याचा अर्थ सांगितला. म्हणजे लोकांना ऐकू जावे व कळावे ह्याची तजवीज करणे हे उपासनेबाहेरचे काम नव्हे. आज तो मंच काही अंशी माईक, अँप्लिफायर व स्पीकर ह्यांच्या रूपाने आपल्या मंदिरात आहे. मंच डुगडुगता असता तर कोणी त्यावर शास्त्र्याला उभे केले नसते. माईक मात्र आपण पुष्कळदा न तपासताच आणतो.

आमच्याही मंडळीत तसेच झाले. कापणीच्या सणाच्या दानातून आम्ही चार बिनतारी माईकचा एक संच घेतला होता. एका पेटीत चार माईक, किंमत थोडी, म्हणून सर्वांना आनंद झाला. २०१९ सालच्या उत्तम शुक्रवारी दुपारच्या उपासनेत वधस्तंभावरील सात शब्दांवर सात जण बोलणार होते. चौथा बोलत असताना आमच्या स्पीकरमधून एकाएकी खणखणीत आवाज आला की पंगत बसली आहे, वऱ्हाडी मंडळींनी जेवायला यावे. रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयात लग्न होते. मुले हसली, मोठ्यांनी माना खाली घातल्या आणि वक्त्याचा धागा तुटला तो तुटलाच.

उपासना संपल्यावर शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या एक वृद्ध आजी मला म्हणाल्या, “बाळ, पंगत बसल्याचं मला नीट कळलं. पण आपल्या माणसांनी काय सांगितलं ते काही कळलं नाही.”

हे वाक्य मला फार लागले. पंगतीच्या सूचनेने उपासना बिघडली एवढेच आम्ही धरून बसलो होतो. आजी सांगत होत्या की सूचना आली नसती तरी त्यांना आमचे काही ऐकू येत नव्हतेच, आणि बहुधा त्या रविवारीही, त्याआधीच्या रविवारीही. पंचकमिटीने हे काम माझ्यावर सोपवले. तेव्हा जाणत्या माणसांना विचारून, वाचून व करून पाहून जे समजले ते ह्या अभ्यासात क्रमाने मांडतो.

१. बिनतारी माईक करतो तरी काय?

माईकच्या जाळीमागे एक लहान पडदा असतो. आवाजाने तो हलतो आणि त्या हालचालीचा विद्युतप्रवाह होतो. साध्या माईकमध्ये तो प्रवाह तारेने मिक्सरपर्यंत जातो. बिनतारी माईकमध्ये तारेच्या जागी दोन यंत्रे असतात. माईकच्या दांड्यात किंवा कमरेच्या डबीत असलेला ट्रान्समीटर तो प्रवाह रेडिओलहरींवर चढवतो, आणि मिक्सरजवळ ठेवलेला रिसीव्हर तो उतरवून घेतो.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिनतारी संच आवाज मोठा करीत नाही, गोड करीत नाही आणि स्पष्टही करीत नाही. तो फक्त एका तारेची जागा घेतो. चांगल्यात चांगला बिनतारी संचदेखील जास्तीत जास्त चांगल्या तारेइतके काम करील. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ साली ‘व्हॅगाबाँड’ नावाचा बिनतारी माईक विक्रीस आणला होता. तेव्हापासून आजपर्यंत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ काम तेच राहिले आहे.

म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न असा की, तार नको असे कोणत्या जागी खरोखर आहे? व्यासपीठावर उभे राहून शास्त्रवाचन करणारा हलत नाही. त्याला तारेचा माईक स्वस्त पडतो, खात्रीचा असतो आणि त्याला सेल लागत नाहीत. गायनवृंद एका जागी उभा राहतो. त्यालाही तारेचेच माईक बरे. फिरावे लागते ते मुलांना गोष्ट सांगणाऱ्या शिक्षिकेला, बाकाबाकांतून साक्ष किंवा प्रार्थनेच्या विनंत्या घेणाऱ्या सेवकाला, बाप्तिस्मा व प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांना. आम्ही अशी यादी केली तेव्हा चार नव्हे, तर दोनच बिनतारी माईक लागतात असे दिसले. चाराचे पैसे दोनांवर घातले की वस्तूची प्रत बदलते.

२. हवेतील जागा

रेडिओलहरींना हवेत ठरावीक जागा लागते. तिला आपण फ्रिक्वेन्सी म्हणतो व ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतो. बाजारातील संच मुख्यतः तीन पट्ट्यांत असतात.

पहिला पट्टा व्हीएचएफ, साधारण १७४ ते २१६ मेगाहर्ट्झ. स्वस्त संच बहुधा ह्यातले असतात. ह्यातील लहर सुमारे दीड मीटर लांब असल्याने अँटेना लांब लागते, आणि विजेच्या मोटारी व इतर उपकरणांची खरखर ह्या पट्ट्यात अधिक शिरते.

दुसरा पट्टा यूएचएफ, साधारण ४७० मेगाहर्ट्झपासून वर. ६०० मेगाहर्ट्झला लहर अर्ध्या मीटरची असते. अँटेना लहान पुरते व निवडीला जागा पुष्कळ मिळते. चांगले संच बहुतेक ह्याच पट्ट्यात येतात.

तिसरा पट्टा २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झच्या पुढचा. तेथे वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ह्यांचीही वर्दळ असते. लहान मंदिरात एकदोन माईकपुरता हा पट्टा चालतो. पण ह्या लहरी माणसांच्या शरीरात लवकर शोषल्या जातात. रिकाम्या मंदिरात छान चाललेला संच भरल्या मंदिरात दगा देऊ शकतो.

आमच्या जुन्या संचाचे दुखणे असे की त्याच्या फ्रिक्वेन्सी कारखान्यातच कायमच्या ठरवलेल्या होत्या आणि मंगल कार्यालयातील संच त्याच जातीचा निघाला. आमच्या तिसऱ्या माईकची व त्यांच्या एका माईकची जागा एकच होती. एका जागेवर दोन लहरी आल्या की जी जोरकस असते तीच रिसीव्हर घेतो. आमचा माईक चालू असेपर्यंत तो जवळचा म्हणून जिंकत होता. वक्त्याने तो बंद करून दुसरा हाती घेतला आणि मोकळ्या जागेत कार्यालयाची पंगत येऊन बसली. दोष त्यांचा नव्हता. पुढे तेथील व्यवस्थापक भेटले तेव्हा सौजन्याने म्हणाले की, तुमचे प्रवचनही एकदोनदा आमच्याकडे ऐकू आले होते!

म्हणून फ्रिक्वेन्सी बदलता येईल असाच संच घ्यावा. पुष्कळ संचांत आता मोकळी जागा शोधून देणारे बटण असते. ते वापरताना आपले ट्रान्समीटर बंद ठेवावेत, नाहीतर रिसीव्हर आपल्याच माईकला परका समजतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. परदेशातील नातलग प्रेमाने जुना संच पाठवतात, किंवा बाजारात तो स्वस्तात मिळतो. त्याच्यावर छापलेला पट्टा आधी वाचावा. अमेरिकेत ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झमधील बिनतारी माईक १२ जून २०१० नंतर बंद करावे लागले, कारण ती जागा मोबाईलसेवा व आणीबाणीच्या यंत्रणांना दिली गेली. पुढे ६०० च्या पट्ट्यातील ६१७ ते ६५२ व ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ हे भागही १३ जुलै २०२० नंतर वापरता येईनासे झाले. तेथील मंडळ्यांनी चांगले चालणारे संच बाजूला ठेवले. आपल्या देशातही २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईलसेवेसाठी विकला गेला. तो ७०३ ते ७४८ व ७५८ ते ८०३ असा आहे. त्याच लिलावात ६०० चा पट्टाही ठेवला होता. त्याला तेव्हा बोली आली नाही, पण ती जागा मोबाईलसाठी काढून ठेवली आहे एवढे त्यावरून कळते. तेव्हा दहा वर्षे वापरायची वस्तू घेताना ६०० च्या खालचा पट्टा पाहावा. तेथेही आपल्या शहरात दूरदर्शनचे प्रक्षेपण आहे काय, ह्याची चौकशी करावी.

कायद्याचाही विसर पडू देऊ नये. भारतात रेडिओलहरींचे नियोजन दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन ही शाखा १९५२ पासून पाहते. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरवून दिलेल्या शक्तीच्या आत परवान्यावाचून वापरण्यास खुला आहे. इतर पट्ट्यांतील संच घेताना त्या मॉडेलला मान्यता आहे काय आणि वापरणाऱ्यास परवाना लागतो काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जो विक्रेता लिहून देण्यास कांकू करतो, त्याच्याकडून मंडळीच्या पैशाची वस्तू घेऊ नये.

३. पैसा रिसीव्हरवर घालावा

दुकानात हाती दिला जातो तो माईक. रिसीव्हर काळ्या डब्यासारखा बाजूला पडलेला असतो. पण भरवसा ठरतो तो त्याच डब्यावर. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दोन अँटेना व त्यांच्यामागे दोन स्वतंत्र रिसीव्हर. माईकमधून निघालेली लहर सरळ येते, तशी भिंतीवर, लोखंडी कैचीवर व पत्र्यावर आपटूनही येते. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना मारतात आणि त्या क्षणी आवाज तुटतो. वक्ता एक पाऊल सरकला की पुन्हा येतो. दोन अँटेना असल्या तर एकीवर लहर मेली तरी दुसरीवर बहुधा जिवंत असते. चांगला रिसीव्हर दोन्हींकडे सतत लक्ष ठेवून जोरकस बाजू घेतो. डब्यावर नुसत्या दोन काड्या दिसल्या म्हणून फसू नये. काही संचांत दोन अँटेना असून आत रिसीव्हर एकच असतो, तर काहींत एकेक अँटेना एकेका माईकची असते. माहितीपत्रकात ‘ट्रू डायव्हर्सिटी’ असे शब्द आहेत काय ते पाहावे.

दुसरी, आपला माईक ओळखण्याची खूण. चांगला ट्रान्समीटर आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणारा एक सूर पाठवतो. तो सूर सापडला तरच रिसीव्हर दार उघडतो, एरवी गप्प राहतो. डिजिटल संचांत ही ओळख अंकांच्या रूपाने असते. आमच्या जुन्या संचात अशी खूणच नव्हती. असती तर तिसरा माईक बंद होताच त्याचा रिसीव्हर मुका झाला असता आणि पंगतीची सूचना रस्त्यापलीकडेच राहिली असती.

तिसरी, प्रत्येक माईकसाठी बाहेर पडण्याची वेगळी वाट. स्वस्त पेटीत चारही माईक एकाच तारेने बाहेर येतात. मग एकाचा आवाज मिक्सरवर कमी करता येत नाही. वेगळी व तीन पिनांची एक्सएलआर जोडणी असेल तर खरखर कमी येते.

अॅनलॉग घ्यावा की डिजिटल? अॅनलॉग संच आवाज दाबून पाठवतो व पलीकडे पुन्हा फुलवतो. हलक्या संचात ह्या दाबण्या-फुलवण्याचा श्वास घेतल्यासारखा सूसू आवाज येतो. डिजिटल संचात तो येत नाही, पण पल्ला संपला की आवाज खरखरत सावध न करता एकदम तुटतो. डिजिटलमध्ये आवाज काही हजारांश सेकंद उशिरा पोहोचतो. तीन हजारांश सेकंदांत हवेतला आवाज साधारण एक मीटर जातो, तेव्हा एवढ्या उशिराने काही बिघडत नाही. मात्र खेळण्यासारखे मिळणारे ब्लूटूथ माईक ह्याहून पुष्कळ उशीर करतात. ते उपासनेत घेऊ नयेत.

४. हातातला, कॉलरचा की कानाचा?

मंगल कार्यालयाची सूचना आजींना एवढी स्पष्ट का ऐकू आली? कारण तो सूचना देणारा माईक ओठांजवळ धरीत होता. आमचे वक्ते नम्रतेने तो पोटाशी धरीत होते!

हा हिशेब सर्वांनी शिकावा. तोंडापासून माईकचे अंतर दुप्पट झाले की त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाजाचा दाब निम्मा होतो. ५ सेंटीमीटरवरचा माईक ४० सेंटीमीटरवर नेला, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झाले, तर दाब एकअष्टमांश उरतो. मग यंत्र सांभाळणारा मुलगा बटण वाढवतो, माईक स्पीकरचाच आवाज पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. बिनतारी माईकमध्ये ही शिट्टी अधिक, कारण वक्ता चालत चालत थेट स्पीकरपुढे जातो.

हातातला माईक नवशिक्यालाही जमतो, फक्त अंतर राखायला शिकवावे लागते. पुष्कळ माईकची अँटेना दांड्याच्या खालच्या टोकाला असते. तेथे मूठ आवळली की पल्ला घटतो. वरची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाढते. म्हणून मधोमध धरावा.

कॉलरचा माईक दिसत नाही म्हणून आवडतो, पण तो तोंडापासून एक वीत दूर असतो. घुमणाऱ्या उंच दगडी मंदिरात त्याने समाधान होत नाही. कानाला अडकवून गालाशी येणारा माईक जवळ असतो, मान वळली तरी अंतर बदलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाळकांना सुरुवातीला अवघड वाटते, पण सवय होते. ह्या दोन्ही प्रकारांत कमरेची डबी लागते. तिची लोंबती अँटेना गुंडाळून खिशात कोंबू नये. जोडणीची पिन कंपनीकंपनीगणिक निराळी असते, म्हणून माईक व डबी एकाच मेळाची घ्यावी.

ट्रान्समीटरची शक्ती बहुधा १० ते ५० मिलिवॉट असते. अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगला, असे नाही. आपल्या मंदिराला १० मिलिवॉट सहसा पुरतात. शक्ती वाढवली की सेल लवकर संपतात आणि माईक एकमेकांना अधिक त्रास देतात.

आणखी एक जपायची गोष्ट. डबी कमरेला चालू असताना पाळक वेस्ट्रीत जाऊन कोणाचे दुःख ऐकू लागले, तर ते साऱ्या मंडळीला ऐकू जाते. साध्या अॅनलॉग संचातले बोलणे बाहेरचा दुसरा रिसीव्हरही पकडू शकतो. आवाज बंद करण्याचे बटण बोटाला सहज सापडेल असे असावे, आणि मिक्सरवरच्या माणसानेही तो माईक त्याच क्षणी उतरवावा.

५. तीन माईक झाले की गणित येते

दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या खोट्या लहरी जन्माला येतात. एकीची दुप्पट करून दुसरी वजा करावी, म्हणजे त्यांची जागा सापडते. समजा, एक माईक ५२० वर व दुसरा ५२१ वर आहे. ५२० ची दुप्पट १०४०, त्यातून ५२१ गेले, उरले ५१९. ५२१ ची दुप्पट १०४२, त्यातून ५२० गेले, उरले ५२२. म्हणजे ५१९ व ५२२ ह्या जागा खोट्या लहरींनी व्यापल्या. आता तिसरा माईक आपण सरळ हिशेबाने ५२२ वर ठेवला तर तो हमखास कुरकुरणार. तो ५२२.६ वर ठेवला तर सुटतो.

हे गणित प्रत्येकाने करावे असे नाही. चांगल्या कंपन्या जुळणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे गट करून देतात. सर्व माईक एकाच गटातील वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवावेत. पण ह्यामुळेच निरनिराळ्या कंपन्यांचे व निरनिराळ्या वेळी घेतलेले माईक एकत्र चालवणे अवघड जाते, हे कमिटीने जाणावे.

६. बसवणे व सांभाळणे

रिसीव्हर कपाटात, लोखंडी पेटीत किंवा वेस्ट्रीत कोंडू नये. तो मंदिरातच, बसलेल्या लोकांच्या डोक्यांहून उंच व माईक दिसेल अशा जागी ठेवावा. वायफायच्या डब्यापासून दूर असावा. माईकपासून किमान तीन मीटर अंतर राखावे. दोन्ही अँटेना व्ही अक्षरासारख्या तिरप्या कराव्यात. अँटेना लांब नेण्यासाठी साधी आरजी-५८ तार वापरली, तर यूएचएफमध्ये दहा मीटरमध्ये जवळजवळ निम्मी शक्ती वाटेत जिरते. त्यापेक्षा रिसीव्हरच पुढे नेऊन त्यातून निघणारी आवाजाची तार लांबवावी.

सेलांच्या बाबतीत काटकसर करू नये. उपासनेपूर्वी नवे किंवा पूर्ण भरलेले सेल घालावेत आणि उपासना संपताच काढावेत. आत राहिलेला सेल पाझरून जोडणी खातो. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल काही महिन्यांत आपली किंमत फेडतात. मात्र ते १.५ नव्हे, १.२ व्होल्टचे असतात, म्हणून माईक त्यांच्यावर चालतो काय हे पुस्तिकेत पाहावे. आणि तारेचा एक माईक जोडून तयार ठेवल्यावाचून कोणतीही उपासना सुरू करू नये.

७. दुकानात नव्हे, आपल्या मंदिरात परीक्षा

विक्रेत्याला संच आठवडाभर आपल्या मंदिरात लावून दाखवण्यास सांगावे. शनिवारी सायंकाळी, आसपासची कार्यालये गजबजलेली असताना पाहावे, आणि रविवारी लोक बसलेले असतानाही पाहावे. माईक हाती घेऊन बोलत बोलत प्रत्येक कोपऱ्यात जावे, पाठ फिरवावी, डबी शरीराआड करावी. आवाज कोठे तुटतो ते नकाशावर मांडावे. मग माईक बंद करून पाच मिनिटे रिसीव्हर चालू ठेवावा. त्यातून काहीही आले, तर ती जागा आपली नव्हे.

ऐकण्याची परीक्षा घेताना मात्र पाठ असलेले वचन म्हणू नये. आपल्या लोकांना वचने मुखोद्गत असतात. अर्धे ऐकू आले तरी उरलेले ते मनाने भरून घेतात, आणि सर्व ठीक आहे असा आपला समज होतो. त्याऐवजी ताट, पाट, वाट, घाट, काठ, बाक, नाक, चाक असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणावेत आणि शेवटच्या बाकावरील चारपाच जणांनी ऐकू आले तसे लिहावे. स्वर सर्वांना पोहोचतात, अर्थ राहतो तो व्यंजनांत. रविवार शाळेच्या मोठ्या मुलांना हे काम फार आवडते.

आम्ही ही परीक्षा केली तेव्हा जुन्या संचावर आजींना दहापैकी तीन शब्द नीट कळले. व्यासपीठावर तारेचा साधा माईक योग्य अंतरावर लावताच आठ कळले. नव्या दोन बिनतारी माईकवर, ओठांजवळ धरल्यावर, तेवढेच कळले. म्हणजे आमचे निम्मे दुखणे यंत्राचे होते व निम्मे आमच्या हातांचे. शेवटी आम्ही एक तारेचा माईक, एक हातातला व एक कानाचा असे तीनच घेतले. चौथा असावा असे पंचकमिटीत काहींना वाटत होते. त्याचे पैसे मागच्या बाजूस एक लहान स्पीकर लावण्यात खर्च झाले.

शेवटच्या बाकावरचा माणूस सहसा तक्रार करीत नाही. ऐकू आले नाही तरी तो येतो, बसतो, सर्वांबरोबर उभा राहतो आणि दान देऊन घरी जातो. त्याच्याच दानातून आपण यंत्रे घेतो. म्हणून यंत्र बरे की वाईट, हे व्यासपीठावरून किंवा दुकानातून न ठरवता त्याच्या बाकावर जाऊन ठरवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या उपासनेत खरोखर फिरत बोलणारे कोण कोण आहेत? त्यांची यादी करा. बाकीच्यांना तारेचा माईक का पुरेल?

२. आपल्या रिसीव्हरवरील पट्टा वाचा. तो मोबाईलसेवेला दिलेल्या जागेत येतो काय?

३. ५३० व ५३२ मेगाहर्ट्झवर दोन माईक आहेत. तिसरा माईक कोणत्या दोन जागी ठेवू नये? (उत्तर : ५२८ व ५३४.)

४. वर्गातील दोन मुलांना माईक पोटाशी व ओठांजवळ धरून तेच शब्द वाचावयास लावा. मागे बसलेल्यांनी लिहिलेले ताडून पाहा.

५. येत्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा. उपासनेनंतर शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांना एकच विचारा : आज काय सांगितले ते कळले का?